मास्टर सिलिंडर घेण्याआधी निप्पल कुठे आहे ते बघा

प्रश्न: माझी हॅचबॅक दहा वर्षांची आहे, सेकंडहँड घेतलेली. गेल्या वर्षी खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापून जळका वास आला, म्हणून पुढचे ब्रेक मोठे करून घेतले. याच गाडीच्या मोठ्या इंजिनवाल्या मॉडेलचे कॅलिपर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या मालात मिळाले. डिस्क आणि पॅड नवे घातले, रबरी होजच्या जागी स्टीलच्या जाळीचे ब्रेडेड होज बसवले. मागचे ड्रम होते तसेच आहेत. काम झाल्या दिवसापासून पेडल मऊ लागतंय. पहिल्या दाबाला अर्ध्याच्या खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येतं, पण तरी पायाखाली स्पंज असल्यासारखं वाटतं. हँडब्रेक बारा-तेरा खटके वर येतो. मेकॅनिकने तीनदा एअर काढली. तो म्हणतो, ‘पॅड बसले की होईल, चालवत राहा.’ दुसरा म्हणतो, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही बदला. कॅलिपरचा पिस्टन आधी ५१ मिमीचा होता, आता ५४ मिमीचा आहे. मास्टर सिलिंडरवर १३/१६ लिहिलंय. गाडीला एबीएस नाही. गणपतीला आई-वडिलांना घेऊन राजापूरला जायचंय. काय करू? दोन्ही चाकांचे फोटो जोडतोय.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर:

सगळ्यात आधी, गाडी आहे तिथेच उभी करा. ‘चालवत राहा’ हा सल्ला मनातून काढून टाका. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत ब्रेक थोडा कमी पकडतो, पेडलही किंचित लांब जातं, हे खरं. पण पहिला दाब अर्ध्याच्या खाली आणि दुसरा वर, हे पॅड बसण्याचं लक्षण नाही, आणि ते चालवून बरं होत नाही. सोसायटीतून गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर टोइंगवाल्याला बोलवा. तुमच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर फार खर्चही येणार नाही.

आता फोटो. उजव्या चाकाचा फोटो मोठा करून बघा. कॅलिपरला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाला, होज जिथे बोल्टने जोडलाय, त्याच्या खाली, जमिनीच्या बाजूला एक छोटं टोक आहे आणि त्यावर काळी रबरी टोपी. तेच ब्लीडिंगचं, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर काढायचं, निप्पल. डाव्या चाकालाही तसंच दिसतंय. म्हणजे उजव्या बाजूचा कॅलिपर डावीकडे गेलाय आणि डावीकडचा उजवीकडे. जुन्या बाजारातून सुटे आणलेले कॅलिपर बसवताना हे सहज होतं, कारण दोन्ही दिसायला सारखे असतात, ब्रॅकेटवर नीट बसतात, पिना जुळतात, होजही पोचतो. कुठेही अडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

निप्पल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला असावं लागतं, कारण हवा वर जाते. ते खाली असलं की तुम्ही कितीही वेळा पेडल मारा, निप्पलमधून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ब्रेक ऑइल येत राहील, मेकॅनिक खात्रीने म्हणेल ‘एअर निघाली’, आणि पिस्टनच्या मागे वरच्या पोकळीत हवेचा फुगा तसाच बसलेला असेल. तुमच्या मेकॅनिकने तीनदा मेहनत केली, ती खोटी नव्हती. त्या जागेवरून हवा निघणं शक्यच नव्हतं.

या फुग्याने पेडल किती खाली जातं, याचा हिशेब करून दाखवतो, कारण मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणारा पंप, बदलायचा की नाही याचं उत्तर त्यातच आहे. तुमच्या मास्टर सिलिंडरचा व्यास १३/१६ इंच, म्हणजे २०.६ मिमी. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३.३५ चौरस सेंमी भरतं. ब्रेक पेडल ही एक तरफ आहे. लहान गाड्यांत पेडल साधारण ४ मिमी खाली गेलं की आतला पिस्टन १ मिमी सरकतो असं धरून चालू. आता ऑइलमध्ये १ मिलि हवा आहे. पेडल दाबल्यावर लाइनमधला दाब वातावरणाच्या कितीतरी पट होतो, आणि ती हवा चिमटीएवढी होऊन जाते. तेवढी जागा भरायला मास्टर सिलिंडरला जवळजवळ १ मिलि ऑइल जास्त ढकलावं लागतं. त्यासाठी पिस्टन ३ मिमी पुढे आणि पेडल १२ मिमी खाली. दोन्ही कॅलिपर मिळून ४ मिलि हवा अडकली असेल, चहाच्या चमच्याहूनही कमी, तरी पेडल जवळजवळ ५ सेंमी जास्त खाली जाणार. तेही दगडासारखं नाही, स्पंजसारखं, कारण हवा दाबली जाते आणि परत फुगते.

घरच्या मेडिकल बॉक्समधली सुई नसलेली सिरिंज घ्या. काठोकाठ पाणी भरा, तोंडावर अंगठा घट्ट धरा आणि दांडा दाबा. हलणार नाही. आता आत थोडी हवा ठेवून तेच करा. अंगठ्याला जे वाटेल तेच सध्या तुमच्या पायाला वाटतंय.

आता दुसऱ्या मेकॅनिकचा मुद्दा बघू. मोठा कॅलिपर म्हणजे मोठा मास्टर सिलिंडर हवा, हे तत्त्व चुकीचं नाही. मोठ्या पिस्टनला तेवढंच सरकायला जास्त ऑइल लागतं. पण किती जास्त? ५१ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ २०.४ चौरस सेंमी, ५४ मिमीचं २२.९. फरक १२ टक्के. ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून सगळा मिळून ०.३ मिमी मागे येतो असं धरलं, तर आधी दोन पुढच्या चाकांना मिळून १.२ मिलि ऑइल लागायचं, आता १.४ मिलिच्या आत. पेडलवर हा फरक २ मिमीच्या आसपास पडतो. दोन मिलिमीटर तुमच्या पायाला कळणारही नाहीत. त्यामुळे ५१ चे ५४ केल्याने पेडल अर्ध्याखाली जातं, हे काही पटत नाही. तुमचा मास्टर सिलिंडर आकाराने या कॅलिपरना पुरतो. ज्या मॉडेलवरून कॅलिपर आले त्याचा मास्टर सिलिंडर कोणता, हे स्पेअर पार्टच्या दुकानात पार्ट नंबरवरून बघून ठेवायला हरकत नाही. ऑपेरा हाउसला न्यू क्वीन्स रोडवरच्या जुन्या दुकानदारांना हे विचारलं तर कॅटलॉग उघडून सांगतील. पण घाईने घेऊ नका. मोठ्या बोअरचा, म्हणजे मोठ्या आतल्या व्यासाचा, मास्टर सिलिंडर लावला की पेडलची चाल कमी होते खरी, पण तेवढाच ब्रेक लागायला पाय जास्त जोरात द्यावा लागतो. १३/१६ वरून ७/८ वर गेलात तर क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी वाढतं आणि पायाचा जोरही तितकाच वाढतो. शिवाय आत हवा तशीच राहिली तर मोठा सिलिंडर ती झाकून ठेवेल, काढणार नाही. मला यातलं हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं.

बूस्टरचं, म्हणजे पायाच्या जोराला इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत देणाऱ्या डब्याचं, तर नावच नको. बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप गळत असला की पेडल कडक होतं, मऊ नाही. खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली बसलं तर बूस्टर ठीक. तुमचा ठीक असणार.

आता हँडब्रेक. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दाबाला पेडल खाली आणि लगेच दुसऱ्याला वर, याचा अर्थ कुठेतरी पॅड किंवा लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) प्रत्येक वेळी फार मागे जातायत. पहिल्या दाबातलं ऑइल ते अंतर मिटवण्यातच खर्च होतं. पाय झटकन उचलून पुन्हा मारला तर चाकांकडचं ऑइल परत येण्याआधीच ब्रेक ऑइलच्या टाकीतलं आणखी ऑइल आत शिरतं, म्हणून दुसऱ्यांदा पेडल वर लागतं. आणि बारा-तेरा खटके वर येणारा हँडब्रेक सरळ सांगतोय की मागच्या ड्रममध्ये लायनर ड्रमपासून लांब आहेत. म्हणजे तुमच्या गाडीला एकाच वेळी दोन आजार आहेत: पुढे हवा, मागे ढिले लायनर. मागचे ड्रम बहुधा आधीपासूनच ढिले असतील, फक्त पुढची हवा येईपर्यंत ते कळत नव्हतं.

मागचं घरच्या घरी तपासता येतं. गाडी सपाट जागेवर, चाकांना विटा लावलेल्या. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. मग हँडब्रेक सोडून पुन्हा दाबा. ओढलेला असताना पेडल स्पष्टपणे वर आणि घट्ट लागलं तर मागच्या लायनरचं अंतर पेडल खातंय. दुरुस्ती अशी की आधी हँडब्रेकची केबल सैल करायची, मग ड्रम काढून आत बघायचं. बऱ्याच गाड्यांत लायनर आपोआप वर येण्याची सोय असते, पण आपल्या दमट, खारट हवेत तो दात्यांचा अॅडजस्टर गंजून जागीच बसतो. तो साफ करून, ड्रम हाताने फिरवताना हलकासा घासेल इतका वर आणायचा, आणि सगळ्यात शेवटी केबल. उलट क्रमाने केलं, म्हणजे केबल ओढून हँडब्रेकचे खटके कमी केले, तर हँडब्रेक छान वाटेल आणि पेडल होतं तिथेच राहील. ड्रममधली काळी भुकटी एअर गनने उडवू देऊ नका. ती फुप्फुसात जाते. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन काढायला सांगा.

पुढच्या चाकांवर काय करायचं, ते आता सविस्तर सांगतो. हे मेकॅनिकला वाचून दाखवा, आणि फोटोही दाखवा. भांडायचं कारण नाही. निप्पल खाली आहे हे एकदा डोळ्यांनी दिसलं की बाकी काम त्याला तुमच्यापेक्षा चांगलं येतं.

दोन्ही कॅलिपर उतरवा आणि बाजू बदला. उतरवलेलेच आहेत तर सील किट नवं घाला. जुन्या बाजारातल्या कॅलिपरवर हा खर्च करायलाच हवा. पिस्टनच्या भोवतीचं चौकोनी रबरी सील पिस्टनला ब्रेक सोडल्यावर किंचित मागे ओढतं. ते वर्षानुवर्षं कडक झालं असेल तर गरजेपेक्षा जास्त ओढतं, आणि पुन्हा तेच, पहिला दाब फुकट. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर तो कॅलिपर परत करा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या हाताने सहज सरकल्या पाहिजेत. त्यांना सिलिकोन ग्रीस लावा, साधं बेअरिंग ग्रीस नको. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन अडकते. होज बसवताना बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला, आणि होज पिळलेला नाही ना, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवल्यावर टायरला किंवा स्प्रिंगला लागत नाही ना, हे बघा. तुमच्या डाव्या चाकाच्या फोटोत होजवर थोडा पीळ दिसतोय.

डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, बसवण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून लख्ख करा. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी डिस्क फिरताना डोलते. ही डोल ०.०५ ते ०.१ मिमीपेक्षा जास्त असू नये. डायल गेज ज्या गॅरेजमध्ये आहे तिथे दोन मिनिटांत कळतं. जास्त असली तर चाक फिरताना डिस्क पॅडला मागे ढकलत राहते, आणि पुढचा पहिला दाब पुन्हा खाली. याची ओळख अशी की गाडी उभी असताना दोन-तीनदा पेडल मारून ते वर आणलं, थोडं अंतर ब्रेक न मारता सरळ चालवली, आणि पुढचा दाब परत खाली गेला. अर्थात ही परीक्षा हवा निघाल्यावर आणि रिकाम्या रस्त्यावरच करायची.

आता एअर काढणं. ब्रेक ऑइल डॉट ४, सीलबंद डब्यातलं, नवं. उघडून ठेवलेला अर्धा डबा वापरू देऊ नका, कितीही स्वच्छ दिसला तरी. हे ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती भरपूर असते. कोरडं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलेलं १५५ अंशांच्या आसपास. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. खंडाळ्याला तुम्हाला वास आला तेव्हा गाडीत किती जुनं ऑइल होतं, कुणास ठाऊक. घाटात ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल फरशीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, ब्रेक मोठे असोत की लहान. डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. नावात एक आकडा वर असल्यामुळे काही जण चांगलं समजून घालतात.

निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. ‘मार, मार, धर’ (एकाने पेडल मारून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचं) हे सावकाश होऊ द्या. जोरजोरात पेडल मारलं की ऑइलचा फेस होतो आणि बुडबुडे लहान होऊन चिकटून बसतात. मधूनमधून कॅलिपरला लाकडी मुठीने हलकेच ठोका, म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात. टाकीतलं ऑइल एकदाही खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते फरशीपर्यंत जाणार नाही. दहा वर्षांच्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जितका सरकतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो. त्यापुढच्या भागात गंज आणि चिकट थर. पेडल पूर्ण खाली मारलं की रबरी वॉशर त्या खरबरीत भागावर घासतात आणि चांगला मास्टर सिलिंडर एअर काढताना खराब होतो. तीनदा एअर काढताना तुमच्याकडे ठोकळा ठेवला नसावा, म्हणून पुढची परीक्षा जरूर करा.

कोणत्या चाकापासून सुरुवात करायची? लोक म्हणतात सगळ्यात लांबच्या चाकापासून. उजव्या हाताच्या गाडीत मागचं डावं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरक्या वाटलेल्या असतात, पुढचं उजवं आणि मागचं डावं एका लाइनवर, बाकीची दोन दुसऱ्या लाइनवर. अशा गाडीत एका लाइनची दोन चाकं करून मग दुसरी. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असतो, तोच धरा. एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही ही एका अर्थी सोय आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, आणि त्या गाड्यांत टाकी रिकामी झाली तर एबीएस युनिटमध्ये हवा अडकते. तिथे मग स्कॅनर लावून युनिट चालवल्याशिवाय ती निघत नाही. असा ब्रेक बदल करणाऱ्या इतर वाचकांनी हे लक्षात ठेवा.

एवढं झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपू द्या, आणि मग पाय नेहमीच्या ब्रेकच्या जोराने अर्धा मिनिट दाबून ठेवा. पेडल एका जागी थांबलं तर मास्टर सिलिंडर चांगला आहे. हळूहळू खाली सरकत राहिलं आणि कुठेही बाहेर ऑइल दिसत नसेल, तर त्याचे आतले वॉशर गेलेत. तेव्हा, आणि तेव्हाच, तो बदला, त्याच बोअरचा. हीच परीक्षा इंजिन चालू ठेवूनही एकदा करा.

हवा काढूनही पेडल स्पंजसारखंच राहिलं तर गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडरची तोंडं बुचांनी बंद करून पेडल दाबायला सांगा. तिथे दगडासारखं लागलं तर दोष पुढे कुठेतरी लाइनमध्ये किंवा चाकांत आहे. मग एकेक लाइन जोडत शोधायचं. काही जण यासाठी होज क्लॅम्पने दाबतात. मागचे रबरी होज योग्य गोल जबड्याच्या क्लॅम्पने दाबता येतात. पुढचे ब्रेडेड होज मात्र कुणालाही दाबू देऊ नका. जाळीच्या आतली नळी चेपली की ती पुन्हा नीट होत नाही, आणि बाहेरून काही दिसत नाही.

नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसू देणं शेवटी, पेडल घट्ट झाल्यावर. पहाटे रिकामा रुंद रस्ता हवा. उलव्याकडे असे रस्ते मिळतील. मागे कुणी नाही हे आरशात बघून ताशी ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, मग पुन्हा वेग, असं आठ-दहा वेळा. मध्ये पूर्ण थांबायचं नाही, आणि संपल्यावर ब्रेक न मारता काही किलोमीटर चालवून डिस्क गार होऊ द्यायची. गरम डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं.

मोठ्या ब्रेककडून अपेक्षा काय ठेवायची, हेही सांगून ठेवतो. जोरात ब्रेक मारल्यावर तुमची चाकं आधीही लॉक होत असतील, तर गाडी किती अंतरात थांबते हे टायर ठरवतो. मोठी डिस्क ते अंतर कमी करत नाही. ती उष्णता जास्त सोसते, म्हणजे घाटात दहाव्या वळणावरही पहिल्यासारखी पकडते. खंडाळ्याचा तुमचा प्रश्न त्याने सुटेल, पण उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा ब्रेक वापरायची सवय त्याहून जास्त उपयोगी पडेल, आणि तिला एक रुपया लागत नाही. टायर जुने असतील तर पुढचे पैसे तिथे घाला.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. विमा कंपनीला या बदलाबद्दल लेखी कळवा आणि पार्टची बिलं जपून ठेवा. अपघातानंतर ही गोष्ट सर्व्हेअरने शोधून काढण्यापेक्षा तुम्ही आधी सांगितलेली बरी.

राजापूरचं म्हणाल, तर काम झाल्यावर आठवडाभर मुलुंड-ठाणे परिसरातच गाडी वापरा. रोज सकाळी टाकीतल्या ऑइलची पातळी बघा, आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवून ओल लागते का ते पाहा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उकलतो. पातळी स्थिर, पेडल पहिल्याच दाबाला वर आणि घट्ट, हँडब्रेक पाच-सात खटक्यांत, हे सगळं आठवडाभर टिकलं तर आई-वडिलांना घेऊन निघा. परशुराम घाटाच्या आधी एकदा थांबून पेडल दाबून बघा. गणपतीच्या आत काम उरकलं नाही तर एसटीच्या जादा गाड्यांची तिकिटं आत्ताच काढून ठेवा. या पेडलवर कोकणात जायचं नाही.